कळसचा माळ आणि बिनमेंदूचा शहाणा

पुण्याहून सोलापूरच्या सडकेने निघालेला प्रवासी भिगवणपाशी आला म्हणजे त्याची मान आपोआप डावीकडे वळते. तिकडे उजनीच्या धरणाचे अफाट पाणी पसरलेले असते, आणि हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यासाठी दूरदूरची मंडळी येतात, नावेत बसतात, छायाचित्रे घेतात आणि परत जातात. उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, सहसा कोणी वळत नाही. त्या बाजूस इंदापूर तालुक्याचा कोरडा भाग आहे. भिगवण आणि वालचंदनगर यांच्या मधल्या मुलखात कळस नावाचे गाव आहे. येथे गड नाही, लेणे नाही, धबधबा नाही. तथापि प्रवासवर्णन हे केवळ प्रेक्षणीय स्थळांचेच असावे असा काही दंडक नाही. आणि ह्या गावाच्या शिवारात मला जे पाहावयास मिळाले, त्याची हकीकत घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस व मुलांस सारखीच मनोरंजक वाटेल, अशी माझी खात्री आहे.

प्रथम ह्या मुलखाची ओळख करून घेऊ. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा. दोघींचा संगम पूर्वेस नीरा-नरसिंहपुरास होतो. दोन नद्यांच्या कुशीत असूनही मधला उंचवटा मात्र तहानलेला. सह्याद्रीने पाऊस आपल्याच अंगावर झेलून घेतल्यावर जे उरते ते इकडे येते. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातलाही मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात, परतीच्या पावसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने ह्या भागात आले, आणि पुढे शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या रानात साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविले. तेव्हापासून ह्या तालुक्याची दोन रूपे झाली आहेत. जेथे पाणी पोचले तेथे ऊस. जेथे नाही तेथे मुरमाड माळ, कुसळी गवत, हिवर, बोर आणि बाभूळ. सरकारी कागदावर असल्या माळास पडीक म्हणण्याची वहिवाट पडून गेली आहे. परंतु ह्याच पडीक रानात चिंकारा नावाचे नाजूक हरिण चरते, लांडगा वावरतो, खोकड बीळ करून राहते, आणि धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या फिरतात.

भाद्रपदातील एका सकाळी, रात्रभर पाऊस झाल्यावर, मी कळसच्या शिवारातून चाललो होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या गृहस्थांचा विहिरीच्या पाण्यावरचा ऊस होता. तोडणी होऊन खोडवा राखलेला, आणि सरीसरीतून पाचट तसेच पसरून ठेवलेले. ते कुजून काळे पडले होते. एके ठिकाणी काठीने पाचट उचकटले तो खाली हळदीसारखी पिवळी, ओली, चकाकणारी जाळी पसरलेली दिसली. पिंपळाचे पान पाण्यात कुजून जाळी उरते तशी तिची वीण. कडेला मात्र पंख्यासारखी दाट साय. मी थांबलेला पाहून यजमानांच्या वृद्ध मातोश्री बांधावरून म्हणाल्या, “त्ये व्हय? पाचटात निघतंय की पावसाळ्यात. सकाळी इथं दिसतंय, सांजच्याला तिथं. ऊन पडलं की वाळून जातंय बघा.”

आजींच्या ह्या तीन वाक्यांत त्या जीवाचे निम्मे शास्त्र आले आहे. “सकाळी इथं, सांजच्याला तिथं” ह्यातच तो बुरशी नव्हे हे सिद्ध होते. कारण बुरशी उठून चालू लागत नाही.

ह्या जीवास शास्त्रीय मराठीत श्लेष्मकवक म्हणतात. नावात कवक असले तरी तो कवक, म्हणजे बुरशी, नव्हे. वनस्पती नव्हे आणि ज्यास आपण प्राणी म्हणतो तोही नव्हे. अँटोन द बारी नामक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ नंतरच्या काळात त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याचे वर्तन प्राण्यांच्या बाजूस झुकते हे ओळखले. आज त्याची गणना अमीबाच्या गोतावळ्यात करतात. बीजाणू रुजला की त्यातून डोळ्यास न दिसणारा अमीबासारखा जीव बाहेर पडतो. असे दोन अनुरूप जीव एकत्र आले की त्यांची एक पेशी होते. नंतरची गोष्ट मोठी नवलाची आहे. त्या पेशीतील केंद्रक दोनाचे चार, चाराचे आठ असे वाढत जाते, परंतु पेशी मात्र विभागत नाही. हजारो, लाखो केंद्रके एकाच पेशीच्या आत नांदू लागतात, आणि पेशी वाढून हाताच्या पंजाएवढी, प्रसंगी त्याहूनही मोठी होते. पाचटाखाली मी पाहिली ती जाळी म्हणजे अशी एकच पेशी होय. ती पाचट खात नाही. पाचट कुजविणारे सूक्ष्मजंतू व बुरशी खाते. अन्न संपले किंवा हवा सुकू लागली म्हणजे ती उघड्यावर येते, तिची इवलीशी फळे बनतात आणि त्यातून पुन्हा बीजाणूंची धूळ उडते. एकाएकी कोरड पडली तर ती कडक खपली होऊन झोपी जाते आणि पाणी मिळताच पुन्हा जागी होते. कळससारख्या अवर्षणाच्या मुलखात हा गुण किती मोलाचा, हे निराळे सांगावयास नको.

ह्या जीवाची कीर्ती मोठ्या घरांतही पोचलेली आहे. जपानचे सम्राट हिरोहितो यांना श्लेष्मकवकांचा व्यासंग होता. १९२९ साली मिनाकाता कुमागुसु ह्या विक्षिप्त पण थोर निसर्गपंडिताने सम्राटांस ११० नमुने अर्पण केले, तेही गोळ्या-मिठाईच्या साध्या खोक्यांत घालून! इंग्लंडात आर्थर लिस्टर व त्यांची कन्या गुलिएल्मा लिस्टर ह्या पितापुत्रींनी ह्या विषयावरील प्रमाणग्रंथ सिद्ध केला. १८९४ च्या पहिल्या आवृत्तीनंतर त्याची जोपासना कन्येनेच केली. आपल्याकडे लखनपाल व मुखर्जी यांनी १९८१ साली भारतीय श्लेष्मकवकांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्यास १९४६ साली प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तेथील कवकसंग्रहास अजरेकरांचे नाव दिलेले आहे. तेव्हा ज्याकडे आपण घाण म्हणून पाहतो, त्याकडे विद्या म्हणून पाहणारी माणसे पूर्वीपासून आहेत.

परंतु गेल्या पंचवीस वर्षांत ह्या जीवाविषयी जे उघडकीस आले त्यापुढे पूर्वीचे सारे फिके पडावे. इ. स. २००० मध्ये जपानमधील तोशियुकी नाकागाकी व त्यांचे सहकारी यांनी पिवळ्या श्लेष्मकवकाची एक जात घेऊन लहानशा चक्रव्यूहात पसरविली आणि दोन तोंडांशी ओट नावाच्या धान्याचे खाद्य ठेवले. काही तासांतच त्या जीवाने बंद गल्ल्यांतून आपले अंग आखडून घेतले आणि दोन्ही खाद्यांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेवर एक जाड नळी तेवढी राखली. २०१० साली ह्याच मंडळींनी तोकिओ व भोवतालच्या गावांच्या जागी खाद्याचे ३६ कण मांडले. सुमारे सव्वीस तासांत त्या एका पेशीने जे जाळे विणले ते काटकसर, वेग आणि एखादा धागा तुटला तरी काम चालू राहण्याची सोय, ह्या तिन्ही बाबतींत तेथील आगगाडीच्या जाळ्याशी तुलना करण्याजोगे निघाले. जे काम करण्यास इंजिनिअरांच्या पिढ्या लागल्या ते बिनमेंदूच्या जीवाने एका दिवसरात्रीत केले.

वाचक म्हणतील, हा केवळ योगायोग असेल. तर आणखी काही प्रयोग ऐकावेत. २००८ साली असे दिसून आले की, ठराविक अंतराने तीन वेळा हवा थंड व कोरडी केली की हा जीव त्या त्या वेळी मंदावतो. आणि चौथ्या वेळी हवा न बदलताही ती घटिका येताच अनेकदा आपण होऊन मंद होतो! २०१२ साली सिडनीच्या अभ्यासकांनी त्याच्यासमोर आडवा सापळा ठेवून पलीकडे साखरेचे पाणी ठेवले. हा जीव चालताना मागे चिकट लाळ सोडतो आणि जेथे आपली लाळ लागली तेथे पुन्हा जाण्याचे टाळतो. ह्या खुणेच्या आधाराने दहांपैकी नऊंहून अधिक जीव सापळ्यातून सुटले. सारी जमीन आधीच लाळेने माखून ठेवली तेव्हा मात्र सुमारे एकतृतीयांशच सुटले. म्हणजे ज्याला डोके नाही तो आपली आठवण जमिनीवर लिहून ठेवतो. आपण पदराला गाठ मारतो किंवा उपरण्याला गाठ देतो, त्यातलाच हा प्रकार नव्हे काय?

फ्रान्सातील तुलूज येथे ऑद्रे द्युसुतूर ह्या विदुषींनी २०१६ साली केलेले प्रयोग तर विचार करावयास लावतात. खाद्याकडे जाण्याच्या पुलावर त्यांनी क्विनीन किंवा कॅफीन पसरले. दोन्ही द्रव्ये कडू, परंतु त्या प्रमाणात निरुपद्रवी. पहिल्या दिवशी जीव कचरला. पाच-सहा दिवसांत त्यास कळून चुकले की ह्यात अपाय नाही, आणि तो बिनदिक्कत पूल ओलांडू लागला. दोन दिवस विश्रांती दिल्यावर मात्र जुनी भीती परतली. पुढे त्यांनी सरावलेल्या जीवाचा न सरावलेल्या जीवाशी संयोग होऊ दिला. दोघांच्या नळ्या जुळून आल्यावर त्यांस पुन्हा वेगळे केले, तो अननुभवी जीवही पूल न कचरता ओलांडू लागला. एकाचा अनुभव दुसऱ्यास मिळाला, आणि तोही शब्दावाचून.

हे होते तरी कसे? ह्याचे उत्तर मला कळसच्या माळावरच समजून घेणे सोपे गेले. तेथे मेंढरांच्या वाटा आहेत. कोणा ओव्हरसियराने त्या आखलेल्या नाहीत. पहिल्या पावसानंतर मेंढरे चहूकडे पांगतात. ज्या वाटेने गवत व पाणी लवकर सापडते तिच्यावर पावले अधिक पडतात. पावले अधिक पडली म्हणजे वाट मोकळी होते. वाट मोकळी झाली म्हणजे पावले आणखी पडतात. उरलेल्या वाटांवर कुसळी उगवते आणि त्या बुजून जातात. महिनाभराने पाहावे तो वाडग्यापासून ओढ्यापर्यंत एकच ठसठशीत पाऊलवाट! श्लेष्मकवकाच्या देहात असेच घडते. त्याच्या नळ्या तालात आकुंचन-प्रसरण पावतात आणि आतील रस मिनिटा-दोन मिनिटांनी दिशा बदलून मागेपुढे वाहतो. खाद्य लागले तेथे हा ताल जलद होतो व रस तिकडे ओढला जातो. ज्या नळीतून रस अधिक वाहतो ती जाड होते, जी रिकामी राहते ती सुकते. २०२१ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले की, खाद्य कोठे मिळाले होते ह्याची खूण नळ्यांच्या जाडपणातच शिल्लक राहते. म्हणजे त्याचा देह हीच त्याची वही होय.

येथे दोन टोके टाळली पाहिजेत. एक टोक असे की, हे सारे नळ्यांतील रसाचे यंत्र, त्यात शहाणपण कसले? पण मग आपल्या मेंदूतही रस, क्षार आणि विजेच्या लहरी ह्यांवाचून काय सापडते? यंत्र उलगडले म्हणून शहाणपण नाहीसे होत नाही. दुसरे टोक आपल्या घरांत अधिक संभवते. असे काही वाचले की, चराचरात चैतन्य आहे हे आमच्या ऋषींनी पूर्वीच सांगून ठेवले, असे म्हणून पुस्तक मिटावयाचे. चैतन्याचा सिद्धान्त मोठा आहे, पण तो नळ्या का जाड होतात हे सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी रात्रभर बशीपुढे बसावेच लागते. ह्या जीवास दुःख होते, तो विचार करतो असे म्हणण्यास आधार नाही. तो निवड करतो, अनुभवाने बदलतो आणि सोडलेली वाट पुन्हा चोखाळीत नाही, एवढे मात्र निःसंशय आहे.

ह्याच गोतावळ्यात एक दूरची शाखा आहे, आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी तिची गोष्ट जरूर ऐकावी. ह्या शाखेतील जीव सुखाच्या काळी मातीत सुटे सुटे अमीबा म्हणून राहतात व जंतू खातात. जगभरच्या मातीत ते आढळतात. दक्षिणेकडे मुदुमलाईच्या अरण्यातील माती व जनावरांच्या शेणातूनही बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतील अभ्यासकांनी ते वेगळे केले आहेत. अन्न संपले की एक अमीबा रासायनिक हाक देतो, शेजारचा ती ऐकून पुढे हाक देतो, आणि हजारो जीव एका ठिकाणी गोळा होतात. पूर्वी समजूत होती की ह्यांत काही नायक असावेत. १९७० साली एव्हलिन फॉक्स केलर व ली सेगेल यांनी गणिताने दाखविले की नायकावाचूनही हे घडू शकते. गोळा झालेला समूह गोगलगायीसारखा सरकत उजेडाकडे जातो. तेथे त्यातील सुमारे एकपंचमांश जीव मरून कडक देठ बनतात, आणि उरलेले त्या देठावर चढून बीजाणू होतात; वाऱ्यापाण्याने, किड्यामुंगीच्या अंगास चिकटून नव्या जागी जातात.

ह्यास त्याग म्हणून गौरविण्याचा मोह होतो. पण शास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्न विचारला: देठ कोण होतो? तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. काही वाण असे निघाले की दुसऱ्यांत मिसळले म्हणजे देठाचे काम शेजाऱ्यावर ढकलून आपण वर चढतात. आणि १९७० नंतरच्या प्रयोगांत असेही आढळले की, ज्या पेशींस पूर्वी अन्न कमी मिळाले त्याच बहुधा देठाच्या वाट्यास जातात. हे वाचले त्या दिवशी मला आपली मोठी घरे आठवली. पंचवीस माणसांचा स्वयंपाक, आल्यागेल्याचे आदरातिथ्य, मुलांची शिक्षणे, हे सारे वर दिसते. त्याच्या खाली देठ असतो. माजघरातली कोणी विधवा आत्या, शेवटी पानावर बसणारी सून, धाकट्यांच्या शिक्षणासाठी शाळा सोडून नोकरी धरलेला थोरला भाऊ. एकत्र कुटुंबाची थोरवी मी नाकारीत नाही. अनुभव एका नळीतून दुसऱ्या नळीत जावा तसे आजीचे शहाणपण नातीच्या हाती येते ते तेथेच. पण अमीबाला निवड नाही, आपल्याला आहे. देठ होण्याची पाळी प्रत्येक वेळी त्याच माणसावर, आणि तीही आधीच उपाशी असलेल्यावर येऊ नये, एवढे पाहणे घरच्या वडील माणसांच्या हाती खचित आहे.

कळसच्या शिवाराकडे पुन्हा वळू. त्या पाचटाच्या शेजारचे शेत काळेभोर होते. तोडणीनंतर पाचट पेटवून दिलेले. पेटविण्यास कारणे आहेत. पाचटात खोडव्याची मशागत अवघड जाते, उंदीर होतात, मजुरी परवडत नाही. न पेटविण्यासही कारणे आहेत. पाचटाने ओल टिकते, तण दबते, आणि कुजून ते मातीस परत मिळते. कुजविण्याचे काम जंतू व बुरशी करतात, आणि त्यांना खाऊन त्यांच्यात अडकलेले पोषण श्लेष्मकवकासारखे जीव पुन्हा मातीत मोकळे करतात. अर्ध्या तासाची आग ही सारी वसाहत वरच्या थरातून पुसून टाकते. यजमान म्हणाले, “तीन वर्सं झाली न्हाई पेटवलं. पाण्याची एक पाळी वाचती, आन्‌ माती पायाला मऊ लागती.” पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात पाण्याची एक पाळी म्हणजे काय, हे विहीर आटलेल्यासच विचारावे. माळाचेही तसेच. ज्यास आपण पडीक म्हणतो त्या मुरमात, मेंढराच्या वाळक्या लेंडीत, बाभळीच्या सालीत असे असंख्य जीव पावसाची वाट पाहत झोपलेले असतात. पडीक हा शब्द जमिनीपेक्षा पाहणाऱ्याच्या नजरेस अधिक लागू पडतो.

हे पाहण्यास कळसपर्यंत येण्याची सवड सर्वांस होणार नाही; त्यासाठी एक घरगुती उपाय सांगतो. अभ्यासक हीच रीत १९३३ सालापासून वापरीत आले आहेत. एखाद्या जुन्या झाडाच्या वाळक्या सालीचे चार तुकडे आणावेत. काचेच्या झाकणाच्या पसरट भांड्यात टिपकागद अंथरून त्यावर ते मांडावेत आणि उकळून गार केलेले पाणी बेताने घालावे. दुसऱ्या दिवशी जास्तीचे पाणी ओतून टाकावे, भांडे उन्हापासून दूर ठेवावे, आणि कागद सुकू देऊ नये. मग रोज एकदा मुलांच्या हाती भिंग देऊन पाहावे. पहिल्या आठवड्यात बुरशीचे केस दिसतील; त्यांना कंटाळून भांडे घासावयास टाकू नये. दोन-तीन आठवड्यांत सालीवर टाचणीच्या टोकाएवढे देठ व त्यांवर करडे, तपकिरी किंवा पिवळे मणी उभे राहण्याचा बराच संभव असतो. मणी फुटून धूळ उडू लागली तर ती नाकात जाऊ देऊ नये. दमेकरी माणसांनी दुरूनच पाहावे. एका भांड्यात काही आले नाही तर दुसऱ्या झाडाची साल घ्यावी. घरात कोणी विचारील की, ह्या कुजक्या सालीत काय ठेवले आहे? त्यास भिंग द्यावे आणि शेजारी बसवून घ्यावे.